गाठी हव्यात तर शेतातली माती आणा

पाकिटातलं रायझोबियम (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाला मिळवून देणारे जिवाणू) बियांना लावूनही गच्चीतल्या चवळीला गाठी आल्या नाहीत, म्हणून जिवाणू खत म्हणजे थोतांड, असं कुणी म्हणतं ते काही पटलं नाही. आधी पाकीट कुठल्या पिकाचं होतं ते बघा. हरभऱ्याचे जिवाणू चवळीला चालत नाहीत. चवळी, मूग यांचा गट वेगळा. शिवाय दुकानात ते उन्हात पडून असेल तर आत जिवंत काय उरणार?

मुलुंडला आमच्या कुंड्यांत नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत. त्यात हे जिवाणू सहसा नसतातच. मागच्या वर्षी पेणजवळ भातानंतर चवळी करतात त्या शेतातली दोन मुठी माती आणली (रोगट शेतातली नको), गुळाच्या गार पाण्यात कालवून बियांना चोळली, सावलीत सुकवून लगेच पेरली. महिन्याभराने एक रोप हलकेच उपटलं. बायको ओरडली, तो भाग वेगळा. मुळांवर मोहरीपासून मुगाएवढ्या गाठी! एक नखाने फोडली तर आत गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा (गाठीतलं लालसर प्रथिन), म्हणजे गाठ कामाला लागलेली. आतून पांढरीच राहिली तर ती नत्र बांधत नाही, हिरवट झाली तर म्हातारी.

आणि युरिया देत असाल तर थांबवा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचा आळस करतं.