लीगच्या अधिकाऱ्यावर अब्रुनुकसानीचा दावा: कोणत्या विधानावर, कुठे आणि किती दिवसांत?

मधली_फळी (बडोदा)

एका व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कागदपत्रांवरून प्रश्न विचारते आहे. नावे मुद्दाम देत नाही. खेळाडू बडोद्यात राहतो आणि त्याचा क्लबशी लेखी करार आहे. लीगचा अधिकारी अहमदाबादचा. त्याची तीन विधाने आहेत:

१. सामन्याच्या रात्री शिस्तपालन समितीला पाठवलेल्या लेखी अहवालात: ‘सहा नंबरने पेनल्टी जाणूनबुजून दिली, चौकशी व्हावी.’
२. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत पत्रकारांसमोर, कॅमेऱ्यावर, हिंदीत: ‘उस लड़के ने पैसे लिए हैं.’ ही क्लिप दोन स्थानिक चॅनेलांच्या पानांवर अजून दिसते.
३. त्यानंतर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गुजरातीत त्याच अर्थाचा मेसेज. ग्रुपमध्ये क्लबांचे मॅनेजर आहेत, शिवाय एजंट आणि इतरही बरेच.

समितीला काहीही सापडले नाही. पण क्लबने करार वाढवला नाही. क्लिपला साडेनऊ महिने झाले. अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार फुटबॉल महासंघाकडे पडून आहे आणि ‘तिचा निकाल येऊ द्या, मग कोर्ट’ असा सल्ला मिळतो आहे. हा सल्ला बरोबर आहे का? दिवाणी की फौजदारी? बडोद्यात दावा चालेल का? आणि ‘महासंघाच्या नियमाने कोर्टात जाता येत नाही’ यात तथ्य किती?

सुरसागर_काठ

सल्ला चुकीचा आहे आणि या प्रकरणात घातक ठरेल. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ७५ आणि ७६ प्रमाणे दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळते. लेखी बदनामीत ते प्रसिद्धीपासून मोजतात, तोंडीत शब्द उच्चारल्यापासून. खेळाडूला कधी कळले याला महत्त्व नाही. महासंघातल्या तक्रारीमुळे हे घड्याळ थांबत नाही, नोटिशीमुळेही थांबत नाही. कलम १४ ची सवलत चुकीच्या कोर्टात सद्‌भावनेने घालवलेल्या वेळेसाठी आहे, समितीच्या टेबलावर पडलेल्या अर्जासाठी नाही. क्लिप अजून दिसते म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते असेही धरू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खवर बट प्रकरणात नेमका हाच युक्तिवाद नाकारला. हाताशी अडीच महिने आहेत. त्यातले पहिले पंधरा दिवस पुराव्याला द्या.

आता तीन विधाने. ती एकाच पोत्यात भरू नका, बहुतेक दावे इथेच बिघडतात.

अहवाल बाजूला ठेवा. अधिकाऱ्याने समितीला कळवणे हे त्याचे कामच आहे. दिवाणीत त्याला विशेषाधिकाराचे संरक्षण मिळते आणि ते तोडायचे तर द्वेषबुद्धी सिद्ध करावी लागते. फौजदारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा आठवा अपवाद तेच म्हणतो: अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्‌भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही. शिवाय ‘चौकशी व्हावी’ आणि ‘पैसे घेतले’ यांत फरक आहे. पहिली शंका आहे, दुसरे ठाम विधान. अहवालावर दावा लावलात की सगळ्या खटल्याला ‘शिस्तभंगाचा वाद’ असे रूप देण्याची संधी तुम्हीच प्रतिवादीला देता. अहवाल पुरावा म्हणून मात्र जोडा. आदल्या रात्री हाच माणूस फक्त चौकशी मागत होता आणि दुसऱ्या दिवशी निकाल देऊन मोकळा झाला, ही तफावत द्वेषबुद्धीकडे बोट दाखवते.

पत्रकारांसमोरचे विधान हा दाव्याचा कणा. तिथे बोलण्याचे कोणतेही कर्तव्य नव्हते, ऐकणारे त्रयस्थ होते आणि आरोप खेळाडूच्या व्यवसायावरच होता. नाव घेतले नाही म्हणून बिघडत नाही. ऐकणाऱ्याला कोण ते कळले की पुरे. पण ‘उस लड़के’ म्हणजे हाच, हे सांगणारा साक्षीदार लागतो.

व्हॉट्सॲपचा मेसेज दुसऱ्या क्रमांकावर. फक्त मॅनेजर असते तर ‘समान हितसंबंध’ असा बचाव टिकला असता. एजंट आणि इतर लोक असल्याने तो ढिला होतो. म्हणून सदस्यांची यादी आजच जपा, लोक ग्रुप सोडायला लागले की ती बदलते.

कुठे? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १९: नुकसान जिथे झाले किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कुठेही. त्या कलमातले उदाहरणच बदनामीचे आहे, दिल्लीत राहणारा कलकत्त्यात छापतो ते. क्लिप बडोद्यात पाहणारा, खेळाडूला ओळखणारा एक साक्षीदार उभा करा, म्हणजे बडोदा चालेल. वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ लेखी मागणीत, ‘बडोद्यात पाहिले गेले’ हे स्वतंत्र परिच्छेदात लिहा. ते राहून गेले तर अधिकारक्षेत्राचा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल.

हॅश_तपासा

पुराव्याचे मी सांगतो. स्क्रीनशॉटचे प्रिंट काढून फाइल बंद केली की लोकांना वाटते काम झाले. तसे नाही.

मेसेज ज्याच्या फोनवर आला तो फोन महत्त्वाचा. खेळाडू ग्रुपमध्ये नसेल तर ग्रुपमधल्या ज्या सदस्याने मेसेज वाचला तोच साक्षीदार, आणि प्रमाणपत्रही त्याचेच लागेल. त्याने फोन विकू नये, रीसेट करू नये, आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर आजच काय ते काढून घ्यावे. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेले नाव दिसते, ते कुणीही काहीही ठेवू शकतो. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग करा: ग्रुप उघडा, सदस्यसंख्या दाखवा, मेसेजपर्यंत जा, पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून पूर्ण नंबर दिसू द्या, मग मेसेजची तारीख-वेळ. सगळे एकाच सलग रेकॉर्डिंगमध्ये. त्याशिवाय चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

क्लिप डाउनलोड करताना पानाचा पूर्ण पत्ता, त्या दिवसाची तारीख-वेळ आणि तेव्हाचा प्रेक्षकांचा आकडा टिपा. लगेच फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, काढून लिहून ठेवा. ती वकिलांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतो, फाइल बदलते, हॅश जुळत नाही आणि उलटतपासणीत ‘फेरफार केली’ असे म्हणायला जागा मिळते. पेन ड्राइव्हवर द्या, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवून हॅश पुन्हा ताडून पाहा.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र दोन भागांचे असते. भाग ‘अ’ वर यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची सही, भाग ‘ब’ वर तज्ज्ञाची. हॅश दोन्हीकडे भरायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा एकपानी नमुना अजून बऱ्याच टायपिस्टांकडे आहे, तो वापरू नका. फोन आणि क्लिप यांची प्रमाणपत्रे वेगवेगळी.

चॅनेलकडे मूळ, न कापलेले चित्रण असते. ते जपून ठेवण्याची लेखी विनंती आत्ताच पाठवा. कापलेल्या क्लिपवर ‘माझे पुढचे वाक्य गाळले’ हा बचाव ठरलेला आहे.

मधली_फळी

खूप आभार. ग्रुपमधला एक मॅनेजर साक्ष द्यायला तयार आहे. महासंघाच्या नियमाचे आणि फौजदारीचे कुणी सांगेल का?

रावपुरा_लेफ्टबॅक

महासंघाचा नियम खरा आहे, पण त्याचा आवाका लोक सांगतात तेवढा नाही. फिफाच्या घटनेत सामान्य न्यायालयात जाण्याला मनाई आहे आणि सदस्य संघटनांनी तशी तरतूद ठेवावी अशी अपेक्षा आहे. पण रोख आहे तो खेळाच्या कारभारातल्या वादांवर. एका माणसाने कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याला लाचखोर म्हटले, हा माझ्या मते त्यात बसत नाही. तरी तीन कागद वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका: खेळाडूचा करार, लीगची नियमावली, शिस्तसंहिता. करारातल्या लवादाच्या कलमात ‘करारातून उद्‌भवणारे’ एवढेच आहे की ‘कराराशी संबंधित सर्व’? दुसरे असेल तर प्रतिवादी लवाद कायद्याच्या कलम ८ खाली ‘वाद लवादाकडे पाठवा’ असा अर्ज करणारच, आणि तो अर्ज त्याला आपले पहिले म्हणणे मांडण्याआधी किंवा त्याबरोबरच करावा लागतो. अधिकारी त्या कराराचा पक्षकार नाही, हे उत्तर तयार ठेवा. आणि खेळाडूने स्वतः पत्रकारांशी बोलू नये. खेळाची प्रतिमा मलिन केली म्हणून त्याच्यावरच शिस्तभंगाचे पत्र येऊ शकते.

हा मुद्दा कोरडा वाटत असेल तर जोनाथन विल्मा विरुद्ध रॉजर गुडेल पाहा. खेळ अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे, पण गाठ तीच. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा विल्मा. प्रतिस्पर्ध्यांना जायबंदी करायला बक्षिसे लावल्याचा आरोप करत एनएफएल या तिथल्या लीगचे आयुक्त गुडेल यांनी त्याला २०१२ च्या पूर्ण मोसमासाठी निलंबित केले. मे २०१२ मध्ये त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबरमध्ये माजी आयुक्त टॅग्लियाब्यू यांनी खेळाडूंच्या शिक्षा रद्द केल्या, तरी जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश हेलन बेरिगन यांनी दावा फेटाळला. विधाने खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक कराराच्या शिस्तप्रक्रियेतून आलेली, म्हणून वाद त्या चौकटीतला. शिवाय सार्वजनिक व्यक्तीला तिथे लागते तशी द्वेषबुद्धी दिसत नव्हती. शिक्षा रद्द होणे आणि बदनामी सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडेही ‘समितीला काही सापडले नाही’ एवढ्यावर दावा उभा राहणार नाही.

याउलट न्यूझीलंडचा क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स विरुद्ध ललित मोदी. जानेवारी २०१० मधले आयपीएल प्रमुखाचे ट्वीट, मॅच-फिक्सिंगचा आरोप. ते इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ६५ जणांनी वाचल्याचा अंदाज होता. मोदींनी ‘आरोप खरा’ असा बचाव घेतला, तो सिद्ध झाला नाही आणि मार्च २०१२ मध्ये लंडनच्या कोर्टाने ९०,००० पौंड भरपाई दिली. त्यातले १५,००० खटल्यात आरोप ज्या तऱ्हेने रेटला त्याबद्दल. वाचक थोडे म्हणून दावा लहान होत नाही.

पण त्याच खटल्यात शपथेवर सांगितलेल्या गोष्टींवरून केर्न्सवर पुढे खोट्या साक्षीचा खटला चालला. २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला. म्हणून दावा टाकण्यापूर्वी वकिलाने खेळाडूला बंद खोलीत सगळे कठीण प्रश्न विचारावेत: त्या महिन्यातले बँक खाते, फोन, कोण भेटले. ‘आरोप खरा’ हा दिवाणीत पूर्ण बचाव आहे आणि तो घेतला गेला तर हे सगळे उघड्यावर येईल.

फौजदारी: पोलिसांत जाऊन उपयोग नाही, गुन्हा अदखलपात्र आहे. खेळाडूने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्यायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे शपथेवर जबाब होतो आणि दखल घेण्यापूर्वी आरोपीला ऐकावे लागते, म्हणजे सुरुवातीचे महिने तिथेच जातात. मुदत तीन वर्षे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. भरपाई आणि मनाईहुकूम हवा असेल तर दिवाणी आधी, फौजदारीला वेळ आहे.

सुरसागर_काठ

दोन-तीन गोष्टी राहिल्या.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवा, पंधरा दिवसांची. मागणी नेमकी ठेवा: विधान मागे घ्या, ते जिथे केले तिथेच, त्याच भाषेत, आणि पुन्हा करू नका. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोचपावती वेगळी मागून घ्या. उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका. नोटीस जाईल त्या दिवशीच वादपत्राचा मसुदा सुरू.

रक्कम कागदावर दाखवता येईल तेवढीच लिहा. कोर्ट फी मागणीच्या प्रमाणात वाढते. करार न वाढवल्याचे क्लबचे पत्र, आधीच्या मोसमाचे मानधन, दुसऱ्या क्लबशी चाललेली आणि तुटलेली बोलणी, हे आकडे न्यायाधीशाला पटतात. धोनीचा शंभर कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा मद्रास उच्च न्यायालयात २०१४ पासून आहे आणि साक्षी नोंदवायला सुरुवात करण्याचा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. नावाजलेल्या माणसाला हे झेपते. फुटबॉलपटूची कारकीर्द तेवढी लांब नसते, म्हणून माझा भर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकमाच्या, अर्जावर राहील. पण त्यात ‘सगळे काढून टाका’ असे मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग–झी प्रकरणात सांगितले आहे की सुनावणीआधी मजकूर रोखणे हा अपवाद. ‘हेच वाक्य पुन्हा उच्चारू नये’ एवढे मागितले तर मिळण्याची शक्यता बरी.

लीगला प्रतिवादी करायचे तर नोंदणीचा दाखला काढून ट्रस्ट, सोसायटी की कंपनी ते पाहा आणि नाव अक्षरशः तसे लिहा. लेटरहेडवरचे नाव पुष्कळदा वेगळे असते. समन्स परत आले की दोन तारखा गेल्या.

आणि बडोद्याचे म्हणून: काम दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, भाषा गुजराती. वादपत्रात हिंदी वाक्य मूळ शब्दांत द्या, खाली गुजराती भाषांतर. सारांश चालत नाही, कारण बदनामी त्या शब्दांतच आहे. ‘लिए हैं’ आणि ‘लिए होंगे’ यांत सगळा दावा आहे, तेव्हा क्लिप तिघांनी वेगवेगळी ऐकून लिहून काढावी आणि मगच जुळवावी.

मधली_फळी

‘लिए हैं’ स्पष्ट ऐकू येते, तरी तिघांकडून लिहून घेते. सदस्ययादीचे रेकॉर्डिंग आज रात्रीच होईल. लवादाच्या कलमाचे नेमके शब्द उद्या इथे टाकते.