मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह, कळा सुरू झाल्यावर इन्सुलिनचं काय करायचं?

बहिणीला टाइप १ आहे, ३७वा आठवडा चालू आहे. दिवस जाण्याआधी रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) १६ युनिट घ्यायची, आता २८. पुढच्या आठवड्यात कळांचं औषध देणार आहेत. खाणं बंद झालं की इन्सुलिनही बंद करायचं का? अंगावर चिकटवलेल्या शुगरच्या सेन्सरवर विसंबता येईल का?

प्रतिसाद १
ग्लार्जिन बंद करायचं नाही. पोट रिकामं असलं तरी टाइप १ मध्ये इन्सुलिन लागतंच. ते तुटलं तर कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात, आणि गरोदरपणी शुगर २०० च्या आसपास असतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे त्या आम्लांनी रक्त धोकादायक आंबट होणं, होऊ शकतो. आदल्या रात्री किती युनिट घ्यायची ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

कळा नीट सुरू झाल्या की दर तासाला शुगर बघतात आणि साधारण ७० ते १२६ मध्ये ठेवतात. आईची शुगर चढली की बाळाचं शरीर जादा इन्सुलिन बनवतं. नाळ कापल्यावर आईकडची साखर थांबते, ते इन्सुलिन मात्र उरतं, म्हणून बाळाची शुगर पडते.

बहुतेक वेळा ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन सिरिंज पंपावर लावतात, जोडीला डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन). जवळ बसणाऱ्याने सुईची जागा बघत राहावी. तिथे सूज आली तर डेक्स्ट्रोज शिरेत जात नाहीये. दुसरीकडून इन्सुलिन चालूच असेल तर शुगर कोसळते. लगेच सिस्टरना बोलवा.

सेन्सर पाच-पंधरा मिनिटं मागे असतो, आणि तो ज्या दंडावर आहे त्यावर कूस घेतली तर खोटा कमी आकडा दाखवतो. निर्णय बोटाच्या थेंबावरच. ग्लुकोज पावडर हाताळलेलं बोट न धुता टोचलं तर आकडा भलताच वर येतो.

प्रतिसाद २
खरा धोका वार पडल्यानंतर. इन्सुलिनची गरज एकदम उतरते, म्हणून पंपाचा वेग तिथेच निम्म्यावर आणतात. त्या रात्री सवयीने २८ टोचले तर गंभीर हायपो (शुगर फार खाली जाणं) होऊ शकतो. अंगावर पाजणार असेल तर आधीच्या १६ पेक्षाही साधारण पाव हिस्सा कमी, म्हणजे १२ च्या आसपास. हा आकडा आजच फाइलवर लिहून घ्या, रात्रपाळीचे डॉक्टर वेगळे असतात.

इन्सुलिनची ड्रिप काढायच्या एक-दोन तास आधी ग्लार्जिन गेलेलं हवं. शिरेतल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांतच संपतो.

बाळाला पहिल्या तासाच्या आत चीक पाजा, मग दर दोन-तीन तासांनी. रात्री पाजताना तिच्या उशाशी ग्लुकोज आणि बिस्किटं ठेवा.

धागाकर्ती
सिझर ठरलं तर?

प्रतिसाद २
सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे उपाशी राहणं लांबत नाही. सेन्सर पोटावर असेल तर आदल्या दिवशी दंडावर नवा लावा.