शास्त्रीय संगीत + तंत्रज्ञान यावरचे पॉडकास्ट सुचवा (आणि तंबोऱ्याचं एक कोडं)

नमस्कार मंडळी,

संस्कृती, तंत्रज्ञान आणि शास्त्रीय संगीत या तिन्हींची सांगड घालणारे पॉडकास्ट शोधतेय. हाती लागतात त्या बहुतेक मुलाखतीच. तासभर गप्पा, निम्मा वेळ गुरूंच्या आठवणी आणि गाणं म्हणाल तर औषधापुरतं.

मला काय हवंय ते सांगते. १९०२ मध्ये गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकडीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारतात, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या लोकांना लेबलवर नाव घालायचं असायचं. एवढ्याशा वेळात आलापी, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, कुठून करणार? १९४८ मध्ये एलपी (लाँग-प्ले तबकडी) आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. त्यानंतर मांडणी कशी पालटली, हे प्रत्यक्ष तबकड्या वाजवत, मधेच थांबवून 'आता ही जागा ऐका' असं म्हणत कुणी सांगतं का? पाश्चात्त्य संगीताबद्दल असलं तरी चालेल. मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलंही.

दुसरं म्हणजे, काही भागांत गायक गाऊन दाखवतो तेव्हा तंबोरा येतो-जातो, आणि सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) कधीकधी लवकरच येऊन आदळते! इअरफोन बदलून पाहिले, फरक नाही.

प्रतिसाद :
इअरफोन निर्दोष आहेत. मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली असेल तर तिथली गोंगाट कमी करणारी सोय सलग, एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबते. तंबोरा नेमका तसाच. तो एकदा गेला की आपल्या बाजूने परत आणता येत नाही.
समेचं मात्र तुमच्या हातात आहे. ॲपमध्ये 'ट्रिम सायलेन्स' किंवा तशा नावाचं काही चालू आहे का बघा. ते शांतता कापतं, म्हणजे दोन मात्रांमधली जागाही खातं. 'व्हॉइस बूस्ट'सुद्धा बंद करा, त्याने हळू-मोठ्या आवाजातला फरक सपाट होतो.
पॉडकास्ट : 'स्टिकी नोट्स' आधी ऐका. वाद्यवृंद-संचालक जोशुआ वायलरस्टाइन एकेक रचना वाजवत उलगडतात, तुम्हाला हवं ते जवळपास हेच. 'स्विच्ड ऑन पॉप'ने २०२० मध्ये बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत चार भाग केलेत. आवाजाच्या तंत्रासाठी 'ट्वेंटी थाउजंड हर्ट्झ'. त्यात शास्त्रीय संगीत मात्र कमी.

मूळ प्रश्नकर्ती :
ट्रिम सायलेन्स चालूच होतं! बंद केल्यावर सम जागेवर आली. आभार. 'स्टिकी नोट्स' लावते. पण हिंदुस्थानी संगीतावर असं वाजवत-थांबवत कुणी करत असेल, तर अजून हवंच आहे. कुणाला माहीत असल्यास एखाद्या भागाचं नावही द्या, म्हणजे थेट तिथूनच सुरुवात करेन.