केजन फ्रेंच: पुस्तकी फ्रेंच येणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

तळ्याकाठी
फ्रेंच बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झाली आहे. पॅरिसच्या बातम्या बऱ्यापैकी समजतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन (तिथला जुना फ्रेंच भाषक समाज) म्हाताऱ्यांच्या मुलाखती लावल्या की मात्र निम्मं डोक्यावरून जातं. ही बोली नेमकी कुठे वेगळी पडते? शिकायची तर कुठून धरावी? आणि आज ती खरंच कोणी बोलतं, की गाण्यांत आणि खानावळींच्या पाट्यांवरच उरली आहे?

पाणकणीस
आधी कान तयार करा, व्याकरण मागाहून.

'र' घशातला नाही, जिभेच्या टोकाचा आहे, अगदी आपल्यासारखा. पॅरिसचा 'र' घोटून बसवला असेल तर इथे तो सोडून द्या. अनेकांच्या तोंडी 'त्य'चा 'च' आणि 'द्य'चा 'ज' होतो. 'त्यँ'चं 'चँ' ऐकू येतं. दक्षिणेला लाफूर्श आणि तेरबॉन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) 'झ'चा 'ह' होतो. 'झावे'चं ('माझ्याकडे होतं') 'हावे' झालं की 'मी'साठीचा 'झ'च वाक्यात सापडत नाही. तुमचं निम्मं जे निसटतं, त्यातलं बरंच इथे निसटत असणार.

चालू क्रियेसाठी 'आप्रे' येतं. 'झ सुइ आप्रे माँझे' म्हणजे 'मी जेवतो आहे'. पुस्तकी फ्रेंचची सवय असलेला माणूस तिथे 'नंतर' असा अर्थ शोधत बसतो. नकारातला 'न' गळतो, नुसता 'पा' उरतो. 'आम्ही'साठी 'नूझोत ओं', 'ते'साठी पुष्कळदा नुसतं 'सा'. आदरार्थी 'वू' विरळच. अनोळखी माणसालाही 'त्यू' म्हणतात आणि त्यात उद्धटपणा नसतो.

शब्दांपैकी हे आधी पाठ करा: आता 'आस्तर', गाडी 'शार', का 'क्वा फेर', कोळंबी 'शव्रेत', डॉलर 'प्यास्त्र', डास 'मारँग्वँ', मोठा बेडूक 'वावारों'. 'कातँ' ही फ्रान्समध्ये शिवी आहे, लुइझियानात साधी बाहुली. तेव्हा एखादी आजी नातीच्या 'कातँ'बद्दल बोलू लागली तर दचकू नका.

२००९ साली लुइझियाना फ्रेंचचा मोठा शब्दकोश निघाला. शब्द कोणत्या पॅरिशमध्ये नोंदला गेला, याच्या खुणा त्यात आहेत. त्या पाहायची सवय लावा. दोन पॅरिशमध्ये एकाच वस्तूला वेगळे शब्द असतात, आणि सगळे एकत्र कालवले की कुठलीच नसलेली बोली तयार होते.

रानवाट
ही भाषा कुठे तुटली ते कळलं की आज कोण बोलतं तेही कळतं. १७५५ पासून ब्रिटिशांनी आकादीतून, म्हणजे कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कॉशिया भागातून, हुसकावलेल्या लोकांचे हे वंशज. लुइझियानात त्यांची फ्रेंच विसाव्या शतकापर्यंत घराघरांत चालू होती. १९१६ मध्ये सक्तीचं शिक्षण आलं आणि १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना ओळी लिहायची शिक्षा होई. ती मुलं आईबाप झाल्यावर आपसात फ्रेंच आणि मुलांशी इंग्रजी बोलू लागली. म्हणून आज सहज बोलणारे बहुतेक म्हातारे आहेत, त्यांच्या मुलांना समजतं पण बोलता येत नाही, आणि नातवंडांपैकी काही शाळेत शिकताहेत.

१९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या विकासासाठी कोडोफिल ही संस्था काढली. पहिले अध्यक्ष जेम्स डोमेंजो. शिक्षक फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून आणले आणि शिकवली प्रमाण फ्रेंच. माझ्या मते इथे मोठी चूक झाली. जिला इंग्रजी शाळेने एकदा खाली पाहायला लावलं होतं, ती घरची बोली आता फ्रेंच शाळेतही 'अशुद्ध' ठरली. पुढे कोडोफिलने धोरण बदललं, स्थानिक बोलीला जागा दिली, पण 'आमची फ्रेंच चांगली नाही' हे वाक्य अजूनही म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकू येतं.

तळ्याकाठी
म्हणजे आजच्या शाळांतली मुलं केजन बोलतात, की पॅरिसची?

रानवाट
बहुतेक ठिकाणी मधलीच काहीतरी. इमर्शन, म्हणजे फ्रेंच माध्यमाच्या, वर्गात बालवाडीपासून गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं फ्रेंचमधून होतात आणि इंग्रजी वाचन वेगळं शिकवतात. २०१३ च्या कायद्याने किमान २५ मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर असा वर्ग मागता येतो, पण इतर अटींत पात्र शिक्षक मिळायला हवा हीसुद्धा आहे. गाडी तिथेच अडते. शिक्षक मोठ्या संख्येने परदेशी, मुदतीच्या व्हिसावर. स्थानिक शब्द अंगवळणी पडेपर्यंत त्यांची परतायची वेळ येते. नवा शिक्षक बेल्जियमचा आला की मुलांचा उच्चार पुन्हा बदलतो.

दुसरी अडचण शाळा सुटल्यावरची. मैदानात, घरी, फोनवर सगळं इंग्रजी. फ्रेंच परीक्षेपुरती राहिली की वर्ग संपल्यावर गळून पडते.

पॉईंट-ओ-शिएनचं उदाहरण पाहा. तेरबॉन पॅरिशमधल्या या गावची प्राथमिक शाळा २०२१ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी आयडा वादळाने गाव झोडपलं. गावाने फ्रेंच शाळेचा धोशा सोडला नाही आणि २०२३ मध्ये फ्रेंच इमर्शन शाळा सुरू झाली. गावात मूळनिवासी जमातीचे लोकही आहेत. ते स्वतःला केजन म्हणवत नाहीत, पण त्यांची फ्रेंच याच कुळातली. स्थानिक बोली शिकवायची हे या शाळेने सुरुवातीपासूनच ठरवलं. मला सगळ्यात जास्त आशा तिथे वाटते.

तिसरी सप्तकी
गाण्यांना कमी लेखू नका. शाळेने जे केलं नाही ते संगीताने केलं. १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात केजन व्हायोलिनवादक ड्यूई बाल्फा आणि मंडळी वाजवून आली आणि परतल्यावर त्यांनी गावोगाव हा वारसा जपण्याचं काम हाती घेतलं. २६ मार्च १९७४ ला लाफायेतमध्ये कोडोफिलनेच केजन संगीताचा मोठा कार्यक्रम केला. आजचा तिथला वार्षिक महोत्सव त्यातूनच उभा राहिला.

वाद्यं थोडी आहेत पण ठरलेली. दहा बटणांचा, एका ओळीचा डायटोनिक अकॉर्डियन, बहुधा सी स्वराचा. प्रत्येक बटणाला ओढताना एक आणि दाबताना दुसरा स्वर. व्हायोलिनवाले पुष्कळदा चारही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवतात, म्हणजे अकॉर्डियनशी बोटं सोपी पडतात. 'ती-फेर' हा लोखंडी त्रिकोण, जुन्या गवताच्या दाताळ्याचे पोलादी दात वाकवून केलेला. साध्या सळईचा केला तर नाद मरतो. युनिस गावात शनिवारी सकाळी खुली बैठक असते. नवखे मागे बसतात, आणि त्रिकोण एका वेळी एकानेच वाजवायचा, नाहीतर ठेका फाटतो.

खरा धोका वेगळाच आहे. पुष्कळ तरुण गायक गाणी आवाजावरून पाठ करतात, अर्थ अर्धाच माहीत असतो. गाणं शिकताना आधी ओळ गद्यात म्हणा, तिच्यातलं क्रियापद दुसऱ्या काळात वापरा, मग सुरात घ्या.

पाणकणीस
एक घोळ इथेच टाळा. क्रिओल, म्हणजे कुरी-विनी, ही वेगळी भाषा आहे. 'मो आपे माँजे' ऐकलं तर ते केजन नव्हे. तिथे क्रियापद पुरुषाप्रमाणे फ्रेंचसारखं बदलत नाही. उलट, क्रिओल हे लोकांचंही नाव आहे, आणि कृष्णवर्णीय क्रिओल कुटुंबांतही लुइझियाना फ्रेंच बोलली जाते. म्हणून अनेक अभ्यासक 'केजन फ्रेंच'ऐवजी 'लुइझियाना फ्रेंच' म्हणतात, आणि मला तेच पटतं.

आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नका. जनगणना विभाग घरी कोणती भाषा बोलता ते विचारतो. ज्या आजोबांच्या घरात फ्रेंच बोलणारं दुसरं कोणी उरलं नाही, ते 'इंग्रजी' लिहितात. काही जण 'फ्रेंच' लिहितात, काही 'केजन', आणि दोन्हींची बेरीज करायला लोक विसरतात.

तळ्याकाठी
आणि प्रत्यक्ष सराव?

रानवाट
रोज वीस मिनिटं ऐका: लाफायेतचं केआरव्हीएस ८८.७ एफएम, व्हिल प्लॅटचं केव्हीपीआय, शिवाय तेले-लुइझियानचे व्हिडिओ. एक तुकडा तीनदा ऐका, तिसऱ्यांदाच उपशीर्षकं लावा. जायला जमलं तर नोव्हा स्कॉशियातल्या सेंत-आन विद्यापीठाचा पाच आठवड्यांचा वर्ग लुइझियानाच्या विद्यार्थ्यांत रुजलेला आहे. तिथे वर्गाबाहेरही फ्रेंचच बोलायची. कान मात्र आकादी बोलीचा होईल, लुइझियानाचा नाही. त्यासाठी आर्नोव्हिल आणि लाफायेतमधली 'ताब्ल फ्रांसेझ', म्हणजे कॉफीवर फ्रेंच गप्पांची बैठक. तिथे पॅरिसच्या थाटात बोलायला लागलात तर समोरचे आजोबा लाजून इंग्रजीवर येतील. 'मँत्नाँ'ऐवजी 'आस्तर' म्हणा, 'त्यू' वापरा, त्यांचा शब्द उचलून तोच परत वापरा. मग ते इंग्रजीकडे वळत नाहीत.