मदत हवी आहे : बोलोखोवचे राजपुत्र नेमके कोण होते?

नमस्कार. आजच्या युक्रेनमध्ये, दक्षिण बुग, स्लुच आणि तेतेरिव या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत 13व्या शतकात बोलोखोव नावाचा प्रदेश होता आणि त्याची जवळजवळ सारी लेखी माहिती इपातियेव इतिवृत्तातूनच (जुन्या रुस राज्यांच्या इतिहासाच्या एका हस्तलिखितातूनच) मिळते. 1241 च्या सुमारास शेजारच्या गालिच राज्याचा राजपुत्र दानिलो याने देरेविच, गुबिन, कुदिन इत्यादी गावे उद्ध्वस्त केली. तेथील लोकांनी मंगोलांसाठी गहू आणि वरीसारखे बारीक धान्य पिकवावे म्हणून त्यांनी हा मुलूख शाबूत ठेवला होता, ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. तेथील राजपुत्र रुरिक घराण्यातले (रुसच्या राज्यकर्त्या घराण्यातले) होते की स्थानिक सरदार, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. रशियन किंवा युक्रेनियन वाचणाऱ्या जाणकारांनी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, विशेषतः उत्खननांच्या आधारे, कृपया समजावून सांगावेत.