कोरियन वाचता येतं, पण बोललेलं कळत नाही. मदत हवी आहे

मुक्काम सुवॉन (दक्षिण कोरिया), वय ४०, रोज जेमतेम एक तास मिळतो. हांगुल अक्षरं पक्की आहेत, दुकानाच्या पाट्या वाचता येतात. पण समोरच्याचं बोलणं कळत नाही आणि माझं त्याला. इंग्रजीतून शिकवणारं ॲप वापरतोय. काय चुकतंय? क्लास लावायचा तर कुठला?

प्रतिसाद १
इंग्रजीचा रस्ता सोडा, तुमचं अर्धं दुखणं तिथे आहे. कोरियनमध्ये 'क'चे तीन आवाज आहेत. खियक हे अक्षर म्हणजे सरळ आपला ख. सांगगियॉक म्हणजे घसा आवळून म्हटलेला क. गियॉक शब्दाच्या सुरुवातीला क आणि ख यांच्या मधला, खालच्या पट्टीत. दोन स्वरांमध्ये आला की ग. रोमन 'के' बघून आपण ख च्या जागी क म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वेगळंच अक्षर ऐकू येतं. कॉफी मागताना 'खॉफी' म्हणा, आणि फ ओठ मिटून, फणसातला. त, प, च यांचंही असंच आहे. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाच्या शब्दकोशात चंद्र, मुलगी आणि मुखवटा यांचे शब्द लागोपाठ ऐका. फरक फक्त पहिल्या त चा आहे.

बोललेलं कळत नाही, कारण लिहिलेलं तसंच उच्चारत नाहीत. हे आपण शाळेत शिकलोय: वाक् + मय = वाङ्मय. तसंच कुक + मुल = कुङमुल (रस्सा). 'हाप्निदा' लिहितात, 'हाम्निदा' म्हणतात. पुढे न किंवा म आला की आधीचा क, त, प अनुनासिक होतो. रोज १० वाक्यं घ्या: आधी न वाचता ऐका, मग वाचा, मग आवाजाबरोबर म्हणा. नुसतं वाचन वाढवलंत तर कान तिथेच राहील.

प्रतिसाद २
व्याकरणही मराठीतूनच लावा. मॉगॉ बोदा = खाऊन बघणे, मॉगॉ बॉरिदा = खाऊन टाकणे, हे जुदा = करून देणे. जसंच्या तसं! एक सापळा: कर्त्याला लागणारा 'इ/गा' प्रत्यय म्हणजे आपला 'ने' नव्हे. भूतकाळातही तोच राहतो आणि क्रियापद लिंगानुसार बदलत नाही.

'तुम्ही'साठी पुस्तकी 'तांगशिन' वापरू नका, ते उद्धट वाटू शकतं. ऑफिसात आडनाव + हुद्दा + निम (आपल्या 'साहेब'सारखं).

धागाकर्ता
वाङ्मयचं लगेच पटलं. दुकानातल्या किमतींचं काय करू?

प्रतिसाद १
मोजणी 'मान'वर, म्हणजे दहा हजारांवर चालते. ३५,००० = साम्मान ओछॉन. १ लाख म्हणजे दहा मान: सिप + मान, पण ऐकू येईल 'सिम्मान' (पुन्हा तोच संधी). १ कोटी = छॉनमान. आपला कोटी तिथे नेमका बसतो, मिलियनमधून गेलात की गोंधळ. पैसे आणि मिनिटं चिनी वळणाच्या अंकांत, तास मात्र देशी अंकांत: ३:२० = सेशी इशिप्पुन.

प्रतिसाद ३
क्लासबद्दल: विद्यापीठांचे वर्ग बहुधा १० आठवडे, रोज ४ तास. तुम्हाला ते जमणार नाही. न्याय मंत्रालयाचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम (केआयआयपी) बघा. पायरी ० ला १५ तास, १ ते ४ ला प्रत्येकी १०० तास. सोशिनेट या त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. पायरी ० च्या वर सुरुवात करायची तर आधी पातळी ठरवणारी चाचणी असते. संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची तुकडी कुठल्या केंद्रात आहे ते आधी विचारा, कारण ८०% हजेरी लागते. तोपिक १ (कोरियन भाषेची प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षा) २०० गुणांची, ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. तिच्यात बोलणं नसतं, त्यामुळे तुमच्या अडचणीवर ती उपाय नाही.