अनुभव धागा: ‘दिब्बुक’ पाहताना तुम्हांला नेमके कशाने घाबरवले?

१९३७ साली पोलंडमध्ये तयार झालेला, मिखाव वाशिन्स्की यांनी दिग्दर्शित केलेला ‘द दिब्बुक’ हा यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) भाषेतला चित्रपट मी गेल्या महिन्यात सलग दोन रात्री पाहिला आणि दुसऱ्या रात्री पहिल्यापेक्षा अधिक घाबरले, म्हणून हा धागा काढते आहे. दोन जिवलग मित्र, सेंडर आणि निसन, आपल्या अजून न जन्मलेल्या मुलांचे लग्न ठरवून टाकतात. पुढे निसन बुडून मरतो, सेंडर श्रीमंत होतो आणि दिलेला शब्द विसरतो. निसनचा मुलगा खोनन गरीब विद्यार्थी म्हणून त्याच्याच घरी येतो, सेंडरची मुलगी लेआ हिच्या प्रेमात पडतो, तिचे लग्न दुसरीकडे ठरल्याचे कळताच गूढविद्येच्या नादात मरतो आणि लग्नाच्या दिवशी तिच्या देहात शिरतो. ‘दिब्बुक’ या शब्दाच्या हिब्रू मुळाचा अर्थ ‘चिकटणे’ असा आहे. तो सैतान नव्हे, तर सुटका न झालेला मृताचा आत्मा आहे आणि सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफात या गावी इसहाक लुरिया या ज्यू गूढवाद्याच्या शिष्यपरंपरेत असे आत्मे काढल्याच्या हकिकती लिहिल्या गेल्या आहेत. कथानक मी सांगून टाकलेच आहे, तेव्हा आपण आपापला अनुभव लिहावा. या विषयावरचा दुसरा चित्रपट पाहिला असेल, तर तोही चालेल.

*

पुण्याहून लिहितो. हौशी नाटकांची प्रकाशयोजना करण्यात माझी वीस वर्षे गेली, त्यामुळे भयपटात दिवा कुठे ठेवला आहे हे मला आधी दिसते आणि भीती मागाहून येते. या चित्रपटात मात्र एका ठिकाणी हा क्रम उलटला. लग्नाच्या दिवशी भिकाऱ्यांना जेवू घालायचे आणि नवरीने त्यांच्याबरोबर नाचायचे, असा प्रघात आहे. लेआला एकामागून एक हात ओढतात, ती दमते, आणि मग कवटीसारखा मुखवटा घातलेली एक आकृती तिला हळुवारपणे जवळ घेते. ती तिला गरगर फिरवत नाही, ओरबाडत नाही. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखी तिच्या पावलाशी पाऊल जुळवते, आणि लेआच्या चेहऱ्यावर क्षणभर सुख दिसते. मला धडकी भरली ती त्या सुखाने. हे नृत्य युदित बेर्ग यांनी बसवले आणि मृत्यूच्या रूपात त्या स्वतःच नाचल्या, हे मला नंतर कळले. आजच्या भयपटांत अशा जागी कर्कश आवाज भरून प्रेक्षकाला दचकवतात आणि तेवढ्यावर भागवतात.

*

ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात मी वाढले, म्हणून दोन ओळी. आमच्या आजीला ‘दिब्बुक’ हा शब्दच ठाऊक नव्हता. ही पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे रुजलेली गोष्ट आहे. आम्ही कोकणातले, आमच्याकडे मलिदा (गोड पोहे आणि फळांचा नैवेद्य मांडून केलेली प्रार्थना) होतो आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे नाव घेतले जाते. दाराच्या चौकटीवरची मेझुझा (धर्मवचने लिहिलेली गुंडाळी ठेवलेली लहानशी डबी) पाहून शेजारच्या मुलांनी मला एकदा विचारले होते, की तुमच्याकडे सिनेमातल्यासारखी भुताची पेटी आहे का. आजी म्हणाली होती, “पेटी आहे, पण तिच्यात तांदूळ आहेत.”

*

पेटीचा विषय निघालाच आहे, तर माझी तक्रार नोंदवतो. २०२१ साली आलेला ‘दिब्बुक’ हा हिंदी चित्रपट आणि तो ज्यावरून केला तो २०१७ सालचा मल्याळी ‘एझ्रा’ हे दोन्ही मी पाहिले. दोन्हींत आत्मा पेटीत कोंडलेला असतो. आत्मा पेटीत बंद करण्याची ही कल्पना जुन्या लोककथांत नाही. २००३ साली ईबे या संकेतस्थळावर विकायला काढलेल्या एका दारूच्या कपाटाच्या वर्णनातून ती पसरली आणि विकणाऱ्याने ती आपण रचल्याचे २०२१ मध्ये कबूल केले. चित्रपट पाहून माझा मुलगा आठ दिवस माळ्यावरच्या ट्रंकेकडे पाहीना, एवढेच श्रेय मी त्याला देतो.

*

मी सांगली जिल्ह्यातली. माझ्या मावशीला लग्नानंतर सहा महिन्यांत ‘लागीर झाले’ होते. दारातल्या अंगणात भगत बसायचा, लिंबू फिरवायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचा: कोण आहेस, कुठला आहेस, काय हवे आहे, कशाने जाशील. चित्रपटात मिरोपोल गावचे वृद्ध रब्बी (ज्यू धर्मगुरू) लेआच्या तोंडून बोलणाऱ्याला विचारू लागले, तेव्हा मी उठून दिवा लावला, कारण ते प्रश्न मी सातव्या वर्षी उंबऱ्याआडून ऐकलेले होते. मात्र पुढे जे घडते ते आमच्या अंगणात कधीच घडले नाही. रब्बी लेआला मारत नाहीत, कोंडत नाहीत. ते न्यायसभा बसवतात, मेलेल्या निसनला साक्षीला बोलावतात, जिवंत आणि मृत यांच्यामध्ये पडदा धरतात आणि सेंडरला विचारतात, की शब्द दिला होतास की नाही. निकाल लागतो तो बापाविरुद्ध: अर्धी संपत्ती गरिबांना वाटायची आणि निसन व खोनन यांच्यासाठी जन्मभर कद्दीशची, म्हणजे मृतांसाठीची, प्रार्थना म्हणायची. मावशीला तिच्या मनाविरुद्ध दिले होते, हे घरात सर्वांना माहीत होते. तिच्या तोंडून जे काही बोलले जाई ते नवऱ्याच्या घरी न जाण्याबद्दलच असे. पण भगताने किंवा आजोबांनी तो मुद्दा कधी विचारात घेतला नाही. लिंबे बदलत राहिली. मावशी आता सत्तरीची आहे. तिला हा चित्रपट दाखवावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

*

कामानिमित्त चार वर्षे पोलंडमधल्या क्राकूवला होतो. तिथे मार्चिन व्रोना यांचा २०१५ सालचा ‘डेमन’ पाहिला. इंग्लंडहून आलेला नवरा मुलगा सासरच्या जुन्या घराच्या आवारात खणतो, त्याला हाडे सापडतात आणि लग्नाच्या जेवणावळीत हाना नावाची मृत मुलगी त्याच्या तोंडून यिद्दिश बोलू लागते. त्या भरगच्च मांडवात ती भाषा समजणारा एकच म्हातारा मास्तर उरलेला असतो. बाकीचे पाहुणे व्होडका पीत राहतात. चित्रपट संपल्यावर शेजारच्या पोलिश मित्राने आजोळच्या घराविषयी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. पुढे कझिमिएर्झ डोल्नी या गावी गेलो, जिथे १९३७ च्या चित्रपटाचे काही बाह्यचित्रण झाले होते. तिथल्या ज्यू कबरींच्या फोडलेल्या शिळा जुळवून एक उंच भिंत उभारली आहे आणि तिला वरपासून खालपर्यंत जाणारी एक भेग मुद्दाम ठेवली आहे.

*

धागाकर्तीच म्हणून शेवटी माझे लिहिते. चित्रपट ज्या नाटकावरून केला त्याचे लेखक एस. आन्स्की यांनी १९१२ पासून वोलिन आणि पोडोलिया (आजच्या युक्रेनमधले प्रदेश) इथल्या ज्यू वस्त्यांत फिरून गोष्टी, गाणी गोळा केली आणि त्यातून ते नाटक लिहिले. ते वॉर्सात रंगमंचावर आले ९ डिसेंबर १९२० रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने. मी चित्रपटानंतर ते वाचले. त्यात लेआ लग्नाआधी आईच्या कबरीपाशी जाऊन तिला लग्नाचे आमंत्रण देते, आणि आम्ही भावाच्या लग्नाआधी नांदीश्राद्ध केले होते ते मला आठवले. त्या दिवशी गुरुजींनी पितरांची नावे विचारली तेव्हा वडिलांनी एक नाव सांगितले नव्हते. न्यायसभेच्या प्रसंगी निकाल वाचून होतो, सर्व जण ‘आमेन’ म्हणतात, आणि मग एक जण दबक्या आवाजात विचारतो, की पडद्यापलीकडून मेलेल्याने ‘आमेन’ म्हटलेले कोणी ऐकले का. कोणीच ऐकलेले नसते.